कोशाप्रमाणे

“हे घ्या, आत्याचं पाकीट,” असं म्हणत मुकुंदने पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं आणि रुमालाने मान पुसली. “ऊन आहे का चेष्टा आहे! जीव नको झालाय.”

“बाई कशा आहेत?” मी विचारलं.

“आहेत आपल्या. वय झालं ना आता. बोललं की दम लागतो. डॉक्टर म्हणाले, कुणाला भेटू देऊ नका.” मग तो हसला. “पण कोडं रचणं सोडवत नाही हं त्यांना. गादीवर पडल्या पडल्या लिहितात.”

सोलापूरचा मे महिना, साल शहाऐंशी. मी तिथल्या एका दैनिकात मुद्रितशोधक होते. म्हणजे छपाईला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका काढायच्या. रविवारच्या अंकात मंद्रूपकर बाईंचं शब्दकोडं यायचं, नऊ वर्षं, एक रविवार चुकला नाही. गावात बाईंना चेहऱ्याने ओळखणारे थोडे असतील, पण कोड्यामुळे नाव घराघरांत होतं. बाई मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर गिरणीमागच्या आपल्या छोट्या घरात एकट्या राहायच्या. त्या वर्षी संक्रांतीनंतर भावाचा मुलगा, हा मुकुंद, “आत्याला बघायला” म्हणून येऊन राहिला होता. मोठा गोड बोलायचा. आमच्या कचेरीत चहावाल्यापासून संपादकांपर्यंत सगळ्यांना तो आवडायचा. मलाही आवडायचा, खोटं कशाला बोलू?

आठवीत बाई मला शिकवायला होत्या. माझी वही लाल शाईने अशी रंगवून द्यायच्या की घरी दाखवायची लाज वाटायची. “होनराव,” त्या सगळ्या वर्गासमोर म्हणायच्या, “तुला काय वाटतं ते नको सांगू. कोशात काय दिलंय?” मला वाटायचं त्याची किंमत शून्य. कोश म्हणेल ते खरं. रडत रडत का होईना, मी ते शिकले आणि त्यावरच पोटाला लागले.

कोड्याचा नियमही बाईंचाच होता. एकदा एका वाचकाने कोशात नसलेल्या अर्थावरून बक्षिसासाठी भांडण काढलं, चार माणसं घेऊन कचेरीत आला. तेव्हा बाईंनी संपादकांना लिहून दिलं, “यापुढे प्रत्येक सूचक वाक्य कोशातल्या व्याख्येप्रमाणेच असेल. नसल्यास मुद्रितशोधकाने मला न विचारता दुरुस्त करावे.” ते पत्र मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं.

मुकुंद गेल्यावर मी पाकीट फोडलं. चौकट नेहमीसारखी, पट्टीने आखलेली. अक्षर बाईंचंच, फक्त जरा उतरलेलं. कोश उघडून मी एकेक सूचक वाक्य ताडून बघायला लागले आणि आडवे चारला थांबले.

“फळी ठोकून बंद करतात ती. तीन अक्षरी.” उत्तर दिलं होतं, खिडकी.

मी कोशात बघितलं. “हवा व उजेड येण्यासाठी भिंतीत ठेवलेली झडपांची जागा.” फळीचा कुठे पत्ता नाही. पुढे उभे नऊ. “बाहेरून लावतात ते. तीन अक्षरी.” उत्तर, कुलूप. आता कुलूप बाहेरूनच लावतात, पण ही काय व्याख्या झाली? “दार, पेटी इत्यादी बंद करण्याचे किल्लीचे साधन.” बास, संपला विषय.

आज हे वाचणाऱ्याला लगेच काहीतरी खटकेल. मला का खटकलं नाही ते सांगते, आणि लाज न धरता सांगते. मला आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा मंद्रूपकर बाईंच्या कागदावर माझी लाल पेन्सिल चालली. मी त्या दोन ओळी इतक्या निगुतीने खोडल्या, वर इतक्या सुंदर अक्षरात व्याख्या लिहिल्या की काय विचारता.

कागद घेऊन मी खिळे जुळवणाऱ्या नरसय्याकडे गेले. आमच्याकडे तेव्हा शिशाचे खिळे एकेक करून हाताने लावायचे. नरसय्या घरी तेलुगू बोलायचा, मराठी शाळा चौथीपर्यंत. पण वीस वर्षं मराठी अक्षरं बोटांनी उचलत आला होता.

“ताई, हे बाईंनी लिहिलेलं का खोडलं?” त्याने कागद उजेडाकडे धरून विचारलं.

“चूक होतं म्हणून.”

“बाई चुकल्या?”

“बाई काय देव आहेत का?”

त्याने कागद खिळ्यांच्या खणाशी टाचला आणि कामाला लागला.

दुसऱ्या गुरुवारी मुकुंद पुन्हा वेळेवर आला. येताना माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा आणला होता. “आत्याने सांगितलं, होनरावला दे,” म्हणाला. मी माळलाही.

त्या कोड्यात तीन निघाले. “दिवसातून एकदा येते ते. तीन अक्षरी.” उत्तर, जेवण. “दुधातून देतात. मग दोन दिवस कळत नाहीत. तीन अक्षरी.” उत्तर, औषध. “भिंतीवर मारलेलं ज्यांना ऐकू जात नाही ते. तीन अक्षरी.” उत्तर, शेजारी.

मी कपाळावर हात मारला. पुण्यामुंबईच्या पेपरांत तेव्हा असल्या चमत्कारिक कोड्यांची टूम निघाली होती. सरळ अर्थ द्यायचा नाही, वाचकाला गुंगवायचं. मला वाटलं, बाईंना म्हातारपणी हे खूळ लागलं. ज्या बाईंनी मला “तुला काय वाटतं ते नको सांगू” म्हणून रडवलं, त्याच आता आपल्याला काय वाटतं ते लिहायला लागल्या होत्या! मला रागच आला. भोजन, अन्नग्रहण. रोग बरा करणारे द्रव्य. जवळच्या घरात राहणारा. खोडलं, लिहिलं, मोकळी झाले.

नरसय्या या वेळी कागद हातात घेऊन उभाच राहिला.

“ताई, बाई बऱ्या आहेत ना?”

“भाचा सांगतोय की, बऱ्या आहेत म्हणून.”

“तुम्ही बघून आलात का?”

“डॉक्टरांनी भेटू नका सांगितलंय.”

“नाही, हे वाचून कसंतरीच होतं बघा.” त्याने औषधाच्या ओळीवर बोट ठेवलं. खोडलेल्या ओळीवर, माझ्या नाही. “असं कुणी कोड्यात लिहितं का?”

“नरसय्या, तुम्ही खिळे जुळवा. अर्थ मी बघते,” मी म्हटलं. बाकीच्या दोन कामगारांनी ऐकलं. तो खाली मान घालून खणाकडे वळला. ते वाक्य मी परत घेऊ शकले असते तर उजवा हात दिला असता.

तिसऱ्या गुरुवारी अक्षर फारच गेलं होतं, ओळी कागदाबाहेर धावत होत्या. “ज्याच्याकडे किल्ली असते तो. दोन अक्षरी.” उत्तर, भाचा. “देऊन देऊन पोचत नाही ती. दोन अक्षरी.” उत्तर, हाक.

मी भाचा शब्द कोशात काढला. “बहिणीचा मुलगा, स्त्रीच्या बाबतीत भावाचा मुलगा.” किल्लीचा संबंध नाही. हाक म्हणजे मोठ्याने बोलावणे. तेही लिहिलं. पण आता मला गप्प राहवेना. मी ठरवलं, बाईंना स्पष्ट कळवायचं. कोरा कागद घेतला, मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला बाईंची सातही सूचक वाक्यं ओळीने उतरवली, उजव्या बाजूला कोशातल्या व्याख्या. खाली लिहिलं, “आदरणीय बाई, आपल्याच नियमानुसार वरील दुरुस्त्या कराव्या लागल्या. यापुढे व्याख्या कृपया कोशाप्रमाणे द्याव्यात. आपली विद्यार्थिनी, सुलभा होनराव.” खाली कार्बन घालून माझी प्रतही काढली. मी प्रत्येक पत्राची प्रत ठेवत असे, तशी शिस्तच होती माझी.

मुकुंद बाहेर संपादकांशी गप्पा मारत होता. मी त्याला बोलावून कागद दिला. पाकिटात घालायचंही सुचलं नाही.

“बाईंना द्या तेवढं.”

“काय आहे? वाचू का?”

“वाचा की. त्यात काय गुपित आहे?”

तो उभ्या उभ्याच वाचायला लागला. आधी नुसती नजर फिरवत होता. मग नजर वर गेली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा, सावकाश, डाव्या बाजूने खाली खाली येत गेली. वर पंखा गरगरत होता तरी त्याच्या ओठावर घाम फुटलेला मला दिसला. मला वाटलं, आत्याची चूक निघाली म्हणून बिचारा ओशाळला.

“हे सगळं आत्याने लिहिलं?” त्याने विचारलं.

“हो ना. तीन आठवड्यांत सात चुका. पूर्वी नऊ वर्षांत एक नव्हती.”

“हे छापलंत?”

“छे हो! मी असताना कसं छापलं जाईल? एकूण एक दुरुस्त केलं.”

त्याने कागदाची घडी घातली, पुन्हा घडी घातली, अगदी बारीक करून शर्टाच्या खिशात ठेवली. मग माझ्याकडे बघून हसला. हसणं नेहमीचंच गोड.

“बरं झालं तुम्ही दाखवलंत, ताई. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पुढच्या वेळी असं होणार नाही.”

आणि खरंच झालं नाही. चौथ्या गुरुवारी कोडं आलं ते डोळे मिटून छापावं असं. एकेक व्याख्या कोशातून उचलून ठेवलेली. अक्षर मात्र मुकुंदचं होतं. “आत्याचा हात फार थरथरतो आता. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो,” तो म्हणाला. या वेळी बसला नाही, चहाही घेतला नाही. लाल पेन्सिल न उचलता मी कागद नरसय्याकडे नेला.

“बघा,” मी जरा तोऱ्यातच म्हटलं, “कळवल्याबरोबर गाडी रुळावर आली की नाही?”

नरसय्याने मजकूर वाचलाच नाही. तो चौकटीकडे बघत होता. काळी घरं, पांढरी घरं. बोटाने हवेत काहीतरी मोजलं.

“ही चौकट मी लावलीय,” तो म्हणाला.

“काहीतरीच. बाई एक चौकट दोनदा देत नाहीत.”

“म्हणूनच म्हणतो. ही मी लावलीय. मधे काळ्याचा असा जिना आहे बघा, ह्याने फार दमवलं होतं मला.”

तो कपाटाकडे गेला. जुन्या कोड्यांचे अंक त्याने हौसेने नंबर घालून ठेवले होते. धूळ झटकत झटकत त्याने एक बाहेर काढला आणि माझ्यापुढे उघडला. कोडे क्रमांक एकशे बारा, सात वर्षांपूर्वीचं. चौकट तीच. शब्द तेच. एक काना इकडचा तिकडे नाही.

“हे बाईंनी सांगितलेलं नाही, ताई. हे कुणीतरी उतरवून आणलंय. बाईंनी जर सांगितलं नाही, तर बाई काय करतायत?”

  मी टेबलाकडे गेले, खण उघडला आणि कार्बनची प्रत काढली. तोपर्यंत ती यादी मी दहादा वाचली असेल, पण नेहमी डावीकडून उजवीकडे. चूक, दुरुस्ती. चूक, दुरुस्ती. त्या दिवशी पहिल्यांदा मी उजव्या बाजूवर हात ठेवला आणि फक्त बाईंची बाजू वरून खाली वाचली.

फळी ठोकून बंद करतात ती. बाहेरून लावतात ते. दिवसातून एकदा येते ते. दुधातून देतात, मग दोन दिवस कळत नाहीत. भिंतीवर मारलेलं ज्यांना ऐकू जात नाही ते. ज्याच्याकडे किल्ली असते तो. देऊन देऊन पोचत नाही ती.

“नरसय्या,” मी म्हटलं, “मी हे त्याच्याच हातात दिलं हो!”

त्याने अंगावरचा शाईचा फडका काढून फेकला आणि सायकल बाहेर काढली. मला मागे कॅरियरवर बसवून भर दुपारी तो गिरणीमागे ज्या वेगाने गेला, त्याला तोड नाही. सबंध रस्ताभर मी एकच म्हणत होते, देवा, असू दे, बाई असू देत.

घराला कुलूप होतं. बाहेरून. गल्लीकडच्या खिडकीवर आडवी फळी मारलेली, नव्या खिळ्यांची डोकी उन्हात चमकत होती. अंगणातली तुळस वाळून कोळ झाली होती. आम्ही दार बडवायला लागलो तशी शेजारची एक बाई डोक्यावर पदर घेत बाहेर आली.

“कोण पाहिजे? मंद्रूपकर बाई पुण्याला असतात आता. भाचा सांगून गेला की.”

“कधीपासून?”

“झाले की दोन महिने. तो येतो संध्याकाळचा, घर झाडायला.”

“आत कुणी नसतं? कधी काही आवाज?”

ती जरा घुटमळली. “दुपारचं भिंतीवर ठकठक व्हायचं. आम्हाला वाटलं, घुशी झाल्यात. ह्या आठवड्यात नाही झालं.”

“तुमच्याकडे वरवंटा आहे का?” नरसय्याने विचारलं.

तिने एकदा फळीकडे बघितलं, एकदा माझ्या तोंडाकडे, आणि धावत जाऊन वरवंटा आणला. कुलूप चौथ्या घावाला तुटलं.

आतला वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. अंधार, उकाडा, लघवीचा वास. मागच्या खोलीत खाटेवर बाई होत्या. एवढीशी मूठभर झालेली बाई. डोळे अर्धे उघडे, पण बघत नव्हते. नरसय्याने नाकापुढे हात धरला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. होत्या. श्वास होता. खाटेच्या दोराला पेन्सिलीचा नखाएवढा तुकडा बांधलेला होता. उशाशी आमच्या रविवारच्या अंकांची चळत, प्रत्येक अंक कोड्याच्या पानावर उघडून घडी घातलेला.

रिक्षातून सरकारी दवाखान्यात नेलं. नरसय्या परस्पर पोलीस चौकीवर गेला. मुकुंद दोन दिवसांनी विजापूरच्या स्टँडवर सापडला. बाईंनी घर त्याच्या नावावर करून द्यायला नकार दिला होता, तिथून हे सगळं सुरू झालं. कोडं त्याने चालू ठेवलं होतं, कारण कोडं थांबलं असतं तर गावाने विचारलं असतं. त्याच्यावर खटला झाला, तो तुरुंगात गेला. त्याच्याबद्दल मला आणखी काही सांगायचं नाही.

मी रोज सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात जात होते. नर्सने सांगितलं, झोपेच्या औषधाने आतून सगळं खिळखिळं झालंय, आशा ठेवू नका. नवव्या दिवशी बाईंनी डोळे उघडले आणि मला ओळखलं.

“होनराव,” त्या म्हणाल्या. आवाज कसला, नुसती हवा.

“बाई, बोलू नका. दम लागेल.”

“पाकीट तो उलटंपालटं करून बघायचा. चिठ्ठी आहे का, पत्र आहे का. कोड्याला हात लावायचा नाही. लहानपणापासून कोडं म्हटलं की जांभया द्यायचा.” त्या थांबल्या. मी चमच्याने पाणी घातलं. “रविवारचा अंक मात्र आणून द्यायचा. तेवढ्याने गप्प पडून राहते म्हणून.”

मला कळलं होतं त्या कुठे चालल्यायत. मला पळून जावंसं वाटलं.

“पहिल्या रविवारी खिडकीची माझी ओळ शोधली. नव्हती. म्हटलं, असेल, नजरचूक. दुसऱ्या रविवारी औषध शोधलं. तिथे लिहिलेलं, रोग बरा करणारे द्रव्य.” त्यांच्या ओठांवर काहीतरी हललं, हसू होतं की काय कोण जाणे. “तेव्हा कळलं, हे तूच करतेयस. बाकी कुणी इतकं नीट केलं नसतं.”

“बाई, मला क्षमा करा. माझं चुकलं. मी आंधळी आहे, बाई...” मी खाटेच्या कडेवर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागले. पलीकडच्या खाटांवरची माणसं उठून बघायला लागली.

बाईंनी मला रडू दिलं. मग त्यांचा हात माझ्या केसांवर आला. वजनच नव्हतं त्याला.

“सरळ बस,” त्या म्हणाल्या. वर्गात म्हणायच्या तशाच. “मुद्रितशोधक. व्याख्या सांग.”

मी डोळे पुसले. आठवीतली मुलगी उभी राहावी तशी माझी मी उभी राहिले, आणि मला पाठ होतं ते तोंडातून आलं.

“छापावयाचा मजकूर वाचून त्यातील चुका शोधणारी व्यक्ती.”



“बरोबर,” त्या म्हणाल्या. “कोशाप्रमाणे अगदी बरोबर. पैकीच्या पैकी.”

आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.